जुना जोड, नवे जुलाब: अल्सरने पोटात पाडलेल्या आडवाटा

निपाणी तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलंय. वडील ६८ वर्षांचे. १९८८ साली अल्सरसाठी पोटाचं ऑपरेशन झालं, घरात सगळे त्याला ‘आतड्याचा जोड’ म्हणतात. त्यानंतर पस्तीस वर्षं शेतीची सगळी कामं केली, तक्रार नव्हती. गेल्या आठ महिन्यांत जेवण झालं की लगेच जुलाब, ढेकरेला घाण वास, वजन चौदा किलोने उतरलेलं आणि आता पायांवर सूज. आधी जंताच्या गोळ्या झाल्या, मग ‘टेन्शनचं पोट’ म्हणून औषधं, मग टीबीचा संशय. शेवटी सीटी स्कॅनच्या कागदावर आलं ‘गॅस्ट्रो-जेजुनो-कोलिक फिस्टुला’, म्हणजे जठर, लहान आतडं आणि मोठं आतडं यांच्यात भोक पडून झालेली आडवाट. हा कॅन्सर आहे का, इतक्या वर्षांनी असं कसं झालं आणि या वयात ऑपरेशन झेपेल का, असे त्यांचे तीन प्रश्न.

आधी कॅन्सरचं बोलून घेऊ, कारण तो शब्द डोक्यात घोळत असेपर्यंत पुढचं काही वाचलं जाणार नाही. तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवरून साधा अल्सर हेच कारण असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पण नुसत्या वाटण्यावर इथे थांबता येत नाही. जठर आणि आतड्याचा जोड होऊन पंधरा-वीस वर्षं उलटली की उरलेल्या जठरात, विशेषतः त्या जोडाजवळ, कॅन्सर होण्याचा धोका थोडा वाढतो. शिवाय मोठ्या आतड्याचा कॅन्सरही वर घुसून अशीच वाट पाडू शकतो. म्हणून दुर्बीण घालून त्या भोकाच्या कडेचे तुकडे तपासायला पाठवलेच पाहिजेत. एक-दोन नव्हेत, सहा-आठ तरी, आणि वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले. एकच तुकडा घेतला आणि रिपोर्ट चांगला आला, तर त्यावर विसंबून सुटकेचा निःश्वास टाकू नका. मोठ्या आतड्याकडूनही दुर्बीण घालून बघायला सांगा.

आता हे झालं कसं, ते. त्यासाठी १९८८ मध्ये वडिलांच्या पोटात काय केलं होतं ते कळायला हवं.

जठराच्या खालच्या तोंडाशी किंवा त्याच्या लगेच पुढे, ड्युओडेनममध्ये, वर्षानुवर्षं अल्सर होत-भरत राहिला की तिथे वण येऊन वाट आकसते. अन्न खाली उतरेनासं होतं. मग सर्जन लहान आतड्याचा पुढचा वळसा, म्हणजे जेजुनम, वर ओढून सरळ जठराला शिवतात. अन्नाला बायपास मिळतो. पहिलं असं ऑपरेशन व्हिएन्नात अँटोन व्योल्फ्लर यांनी १८८१ साली केलं. नुसत्या जोडाने भागत नाही हे पुढे लक्षात आलं, कारण ॲसिड तेवढंच राहतं. १९४३ पासून शिकागोच्या ड्रॅगस्टेट यांनी ॲसिडचा हुकूम देणारी व्हेगस नस कापायला सुरुवात केली, आणि नस कापणं अधिक जोड ही जोडगोळी जगभर रुळली. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकात ती घरोघरी पोचली म्हटलं तरी चालेल. मी शिकत होतो तेव्हा ऑपरेशनच्या यादीत जोडाची केस नाही असा आठवडा क्वचितच जायचा. आजही ओपीडीत साठी ओलांडलेल्या माणसाचा शर्ट वर केला आणि बेंबीच्या वर सरळ उभी शिवण दिसली, की मी आधी जोडच धरून चालतो.

दक्षिणेत हा आजार इतका का होता, यावर बराच ऊहापोह झालाय. मैसूरच्या मिशन रुग्णालयात काम केलेले इंग्रज सर्जन फ्रँक टोव्ही यांनी निरीक्षण मांडलं होतं की भात खाणाऱ्या मुलखात ड्युओडेनल अल्सर जास्त दिसतो आणि गहू खाणाऱ्या मुलखात कमी. आमच्या बेळगाव जिल्ह्यातही ताटं दोन तऱ्हेची आहेत. खानापूर-जांबोटीकडे भात, अथणी-बैलहोंगलकडे ज्वारीची भाकरी. माझ्या ओपीडीत मला त्या दोन ताटांत फार फरक दिसला नाही, पण माझी ओपीडी म्हणजे काही शास्त्र नव्हे. खरा उलगडा १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला झाला. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. लोक ऐकेनात तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन दाखवला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. संकेश्वरी मिरचीने आतडं जळतं हा समज मात्र अजून तसाच आहे. मिरचीने जळजळ वाढेल, पण अल्सर ती पाडत नाही. बिचारी उगाच बदनाम आहे.

तर वडिलांचा जोड. जठराच्या आतल्या अस्तराला ॲसिड सोसायची सवय असते, जेजुनमला ती नसते. जोडाच्या पलीकडच्या बाजूला ॲसिड थेट पडत राहिलं तर तिथे नवा अल्सर होतो, त्याला आम्ही ‘स्टोमल’ किंवा ‘मार्जिनल’ अल्सर म्हणतो. नस पूर्ण कापली गेली नसेल, जंतू तसाच असेल, विडी चालू असेल किंवा गुडघ्यासाठी दुखणं मारायच्या गोळ्या चालू असतील, तर शक्यता वाढते. आणि या जोडाला चिकटून कोण झोपलेलं असतं? मोठ्या आतड्याचा आडवा भाग. काही सर्जन जेजुनमचा वळसा त्याच्या पुढून वर नेतात, काही मागून, त्याच्या पडद्याला भोक पाडून. दोन्हींत तो शेजारी असतोच, मागून नेला तर जास्तच बिलगून. अल्सर खोल गेला की आधी आतडी एकमेकांना चिकटतात. म्हणून तो पोटात उघडा फुटत नाही, पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याला सूज, होत नाही, माणूस रात्री विव्हळत दवाखान्यात येत नाही. तो गुपचूप शेजारच्या भिंतीला भोक पाडतो. जठर, जेजुनम आणि मोठं आतडं, तिघांची एकच खोली होते. हे व्हायला वीस-तीस वर्षं लागणं नेहमीचंच आहे, तेव्हा ‘इतक्या वर्षांनी कसं’ याचं उत्तर असं की या आजाराचा वेगच तेवढा.

जुलाबांबद्दल एक गैरसमज सगळ्यांचा असतो, काही डॉक्टरांचाही. वाटतं की खाल्लेलं अन्न वरून थेट मोठ्या आतड्यात पडतं आणि तसंच बाहेर जातं. थोडं तसं होत असेल. पण मुख्य खेळ उलटा आहे. मोठ्या आतड्यातला मैला आणि त्यातले अगणित जंतू वर जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला शिरतात. तो भाग एरवी जवळजवळ स्वच्छ असतो. तिथे जंतूंनी बस्तान मांडलं की पित्तातले क्षार बिघडतात, चरबी पचत नाही, अस्तर सुजतं आणि शरीर अन्न शोषणंच सोडून देतं. म्हणून माणूस खातो भरपूर आणि वाळतो. प्रथिनं उतरतात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली जातं, म्हणून पायांवर सूज. रक्त कमी होतं. पोटॅशियम कमी होतं, म्हणून मांड्यांत जोर राहत नाही.

हे इतकं ठासून सांगण्यामागे कारण आहे, आणि ते माझ्याच चुकीतून आलंय. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत बेळगाव तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे जुलाबांसाठी यायचा. मी मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक द्यायचो, आठ-दहा दिवस त्याला छान वाटायचं, मग पुन्हा तेच. असं तीनदा झालं आणि मी दर वेळी ‘अमीबा आहे, बाहेरचं पाणी पिऊ नका’ म्हणून पाठवला. चौथ्यांदा माझे वरिष्ठ शेजारी बसले होते. त्यांनी शर्ट वर करायला सांगितलं, शिवण दिसली. मग एकच प्रश्न विचारला: ढेकरेला वास कशाचा येतो? तो खाली बघत गप्प बसला. बायको म्हणाली, “संडासाचा वो डॉक्टर. ह्यांनी भजनाला जायचं सोडलंय त्यापायी.” तो पुटपुटला, “लाज वाटूलालती सांगायला.” अँटिबायोटिकने आठ दिवस बरं वाटणं हाच तर पुरावा होता, कारण वर चढलेले जंतू तेवढ्यापुरते कमी व्हायचे. मी त्याला औषध लागू पडतंय असं समजत होतो.

तेव्हापासून जुन्या ऑपरेशनवाल्या माणसाला मी एकच गोष्ट आधी विचारतो: यात नवं काय? कारण जोडानंतर काही जणांना सुरुवातीपासूनच त्रास असतो. गोड खाल्लं की छातीत धडधड, घाम, मग पातळ संडास, याला डंपिंग म्हणतात. नस कापल्यामुळेही काहींना अधूनमधून जुलाब होतात. हे ऑपरेशनच्या पहिल्या वर्षापासून असतं आणि माणूस त्याच्याशी जुळवून घेतो. पस्तीस वर्षं नसलेले जुलाब अचानक सुरू झाले तर त्यांना ‘ऑपरेशनमुळे असतंच’ म्हणून झटकून टाकायचं नाही. टीबीचा संशय येणं मात्र मी समजू शकतो. आपल्या भागात वजन उतरणं, जुलाब, रक्त कमी अशी माणसं आली की दहा डॉक्टरांपैकी नऊ जणांच्या मनात टीबीच येणार. पुराव्याशिवाय टीबीचं औषध सुरू केलं नाही हे तुमचं नशीब.

तपासणीबद्दल थोडक्यात. बेरियम, म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध, पाजून वरून फोटो काढला तर ही वाट बऱ्याचदा निसटते. तोच बेरियम खालून एनिमाने दिला तर तो झटकन जठरात चढलेला दिसतो, कारण दाब त्या दिशेने असतो. आता सीटीने बरंच कळतं. दुर्बिणीत भोक घडीत लपलेलं असेल तर चांगल्या माणसालाही दिसत नाही, पण जठरात मैला दिसला तर तेवढं पुरे. अल्सर हट्टी असेल किंवा एकापेक्षा जास्त जागी असेल तर रक्तातलं गॅस्ट्रिन, म्हणजे ॲसिड वाढवणारं हार्मोन, तपासतात, कारण क्वचित स्वादुपिंडाजवळची एक बारीक गाठ ॲसिडचा पूर आणते. झोलिंगर आणि एलिसन यांनी १९५५ मध्ये ती वर्णन केली. ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर गॅस्ट्रिन खोटंच वाढलेलं येतं. पण या अवस्थेत गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

ऑपरेशन झेपेल का? तुमच्या वडिलांच्या बाबतीत वय ६८ हा प्रश्न नाही. प्रश्न चौदा किलोचा आहे. अल्ब्युमिन कमी असताना आतड्याला घातलेले टाके धरत नाहीत, हे प्रत्येक सर्जन केव्हा ना केव्हा अनुभवाने शिकतो. जुन्या काळी म्हणूनच हे तीन टप्प्यांत करायचे. आधी मोठं आतडं पोटावर बाहेर काढून मैल्याची वाट वळवायची, काही महिन्यांनी फिस्टुला काढायचा, मग बाहेर काढलेलं आतडं परत आत. प्रत्येक टप्प्यावर माणसं दगावायची. आता आधी खाऊपिऊ घालून तयार करतात आणि बहुतेकांचं एकाच ऑपरेशनमध्ये होतं. जुना जोड, जेजुनमचा तेवढा तुकडा आणि मोठ्या आतड्याचा तेवढा भाग एकत्र काढायचा, जठराचा ॲसिडवाला भाग काढायचा, आणि आतडी नव्याने जोडायची.

‘खाऊपिऊ घालून’ हे मी सहज लिहिलं, पण खरी मेहनत तिथेच आहे. घरी शिरा-अंडी वाढवून हे होणार नाही, कारण वरून घातलेलं शरीराला लागतच नाही. नाकातून बारीक नळी जोडाच्या पुढे जेजुनममध्ये सोडून त्यातून अन्न देतात, किंवा शिरेतून. आणि हे हळूहळू वाढवायचं असतं. महिनोन्महिने उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर साखर गेली तर फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन खाली येतात आणि हृदय गडबडतं. त्यामुळे डॉक्टर पहिल्या दिवशी थोडंच देतात तेव्हा ‘एवढ्यावर काय होणार’ म्हणून भांडू नका. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधी द्यायला सांगा. बी-१२, लोह, पोटॅशियम यांची भर घालावी लागेल. दोन ते तीन आठवडे लागले तर लागू द्या.

औषधांनीच भरेल का, असाही प्रश्न असेल. साध्या जठराच्या अल्सरने, जोड नसताना, मोठ्या आतड्याशी छोटी वाट पाडली असेल, आणि तशा बऱ्याच केस ॲस्पिरिन किंवा स्टेरॉइड खाणाऱ्या माणसांत दिसतात, तर ॲसिडच्या जोरदार गोळ्या आणि ती औषधं बंद एवढ्यावर काही भरतातही. जोडाच्या फिस्टुलाची मात्र मी तशी वाट बघणार नाही. ज्यांना ऑपरेशन अजिबात झेपणार नाही त्यांच्यासाठी दुर्बिणीतून क्लिप लावून बघतात, तो तडजोडीचा उपाय.

फिस्टुलाचं हे झालं. पण या निमित्ताने अल्सरच्या आणखी काही आडवाटा सांगतो, कारण प्रत्येकीत माणूस तेच वाक्य बोलतो: “हे माझं जुनंच दुखणं आहे, पित्ताचं.”

जठराच्या किंवा ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीतला अल्सर स्वादुपिंडात घुसतो. त्यात हवा बाहेर येत नाही, फोटोत काही दिसत नाही. फरक फक्त दुखण्यात असतो. आधी जेवलं की थांबणारं किंवा रात्री उठवणारं दुखणं आता दिवसभर राहतं, पाठीत जातं आणि अँटासिडने थांबत नाही. मागच्या बाजूलाच मोठी रक्तवाहिनी असते, ती खोदली गेली की रक्ताच्या उलट्या. पित्तनलिका शेजारून जाते. अल्सर तिच्यात घुसला तर पोटाच्या फोटोत यकृताच्या सावलीत हवेच्या बारीक फांद्या दिसतात. पित्ताच्या मार्गातून आतड्यात पडणाऱ्या सगळ्या वाटा धरल्या तर बहुतेक पित्ताच्या खड्यांमुळे पडतात, अल्सरने कमी. अल्सरने पडली असेल तर बऱ्याचदा औषधांवर शांत होते, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. एकाला मी ऑपरेशनची तारीख दिली होती, तोवर दोन महिने गोळ्यांवर ठेवला आणि तारीखच रद्द झाली.

याहून गमतीचा प्रकार म्हणजे दुहेरी दरवाजा. जठराच्या खालच्या टोकाचा अल्सर शेजारच्या ड्युओडेनमला भिडतो आणि मूळ वाटेशेजारी दुसरी वाट पडते. दुर्बिणीत एकाच भिंतीत दोन दारं दिसतात. बऱ्याच जणांना त्याचा काही त्रास नसतो, ते तसंच सोडून द्यायचं आणि अल्सरचा इलाज करायचा. फोटो पाहून घाबरून काही करायला सांगू नका.

आणि हॉलिवूडचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो. १९२६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये पोटात दुखून कोसळला. अपेंडिक्स वाटावं असं दुखणं, आणि निघाला फुटलेला अल्सर. जठरातून गळलेलं पाणी उजव्या बाजूने खाली ओघळत अपेंडिक्सच्या जागी साचतं, म्हणून दुखतं तिथे. त्याचं नाव आजही या फसवणुकीला आहे. बेंबीच्या वर सुरू झालेलं दुखणं मग उजवीकडे खाली गेलं, तर अपेंडिक्सच असेल असं नाही.

उघड्या फुटलेल्या अल्सरबद्दल सगळ्यांत जास्त जीव घेणारी गोष्ट मात्र मधल्या शांततेची आहे. अल्सर फुटतो तेव्हा सुरी खुपसल्यासारखं दुखतं. काही तासांनी पोटात पाणी सुटतं, ॲसिड पातळ होतं आणि दुखणं ओसरल्यासारखं वाटतं. कणकुंबीकडच्या वस्त्यांवर पावसाळ्यात रात्री हे घडलं तर लोक म्हणतात, आता बरं वाटतंय, सकाळी जाऊ. सकाळपर्यंत पोट फळीसारखं कडक झालेलं असतं. तेव्हा अचानक सुरू झालेलं दुखणं आपोआप थांबलं, पण पोट ताठ आहे आणि हालचाल नकोशी वाटते, तर ते थांबणं खरं नाही. गाडी तेव्हाच काढायची. फोटोत डायाफ्रामखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) हवा दिसली नाही म्हणून फुटलेलंच नाही असंही समजू नये, काही टक्के लोकांत ती दिसतच नाही.

आकसलेल्या वाटेचंही ऐका, कारण तीच तुमच्या वडिलांची मूळ कथा. संध्याकाळी उलटी, त्यात काल दुपारची गवार ओळखू यावी अशी, पण पित्ताचा पिवळेपणा नाही. उलटी झाली की एकदम हलकं वाटतं. पोट हलवलं तर मडक्यात पाणी हिंदकळल्यासारखा आवाज. हे आजकाल नव्याने दिसलं तर मी अल्सरआधी कॅन्सरचा विचार करतो, कारण जंतूवरच्या औषधांनी अल्सरचं आकसणं आता कमी झालंय. अशा माणसाला घरी खाण्याचा सोडा पाजणं घातक. ॲसिड उलटीवाटे जाऊन रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं, त्यात सोडा म्हणजे आगीत तेल. त्याला सलाइन आणि पोटॅशियम हवं असतं.

मेडिकलच्या दुकानाबद्दल बोललो नाही तर हे सगळं अर्धवट राहील. आमच्याकडे ऊस तोडायचा हंगाम सुरू झाला की गोळ्यांची पाकिटं विकली जातात. “अंगदुखीची दोन द्या”, आणि दुकानदार डायक्लोफेनॅक किंवा दोन औषधं एकत्र केलेली गोळी चिमटीत ठेवतो. रिकाम्या पोटी, चहाबरोबर, दोन महिने रोज. वर कुणीतरी वैदूची भुकटी देतं, जिने सांधे एका दिवसात मोकळे होतात. इतक्या झटपट गुण देणाऱ्या भुकटीत स्टेरॉइड असण्याचा संशय मी नेहमी घेतो. स्टेरॉइड आणि दुखणं मारायची गोळी एकत्र, म्हणजे अल्सरचा धोका काही पटींनी वर. वाईट हे की या माणसांना बऱ्याचदा पोटात दुखतही नाही, कारण तीच गोळी दुखणं दाबून ठेवते. पहिलं लक्षण अनेकदा काळी, डांबरासारखी चिकट, घाण वासाची संडास हेच असतं. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती अशी चिकट आणि दुर्गंधी नसते. वडील या आठ महिन्यांत गुडघ्यासाठी काय काय खात होते, ते घरातली डबी उघडून नीट लिहून काढा. विडी ओढत असतील तर तीही लिहा. निपाणीत तंबाखूबद्दल बोललं की लोक चिडतात, पण धुराने अल्सर भरायला वेळ लागतो, हे काही माझं मत नव्हे.

जंतूची तपासणी होईल तेव्हा रक्तातल्या अँटिबॉडीवर समाधान मानू नका. ती आधी कधीतरी जंतू होता एवढंच सांगते. श्वासाची किंवा संडासची तपासणी, किंवा दुर्बिणीतला तुकडा. ॲसिडच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असतील तरच ती भरवशाची. तुमच्या वडिलांना सध्या गोळ्या थांबवणं बहुधा शक्य नाही, म्हणून आता तपासणी निगेटिव्ह आली तरी तिला शेवटचं समजू नका. औषधाचा कोर्स १४ दिवसांचा असतो. आपल्याकडे काही अँटिबायोटिक या जंतूवर चालेनाशी झाली आहेत, म्हणून कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तो खरंच गेला का ते पुन्हा बघायला लागतं. ही दुसरी तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही.

शेवटी तुमच्या पुढच्या पंधरवड्याचं. १९८८ चं डिस्चार्ज कार्ड शोधा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, देवाच्या फोटोमागे, जुन्या रेशनकार्डाच्या पिशवीत, मला या सगळ्या ठिकाणांहून निघालेली कार्डं दाखवली गेली आहेत. नाहीच सापडलं तर वडिलांना आठवेल तेवढं लिहून घ्या: ऑपरेशनआधी उलट्या व्हायच्या का, नस कापल्याचं कुणी बोललं होतं का. जोड आतड्याच्या पुढून आहे की मागून हे त्या कार्डावर असेल तर सर्जनचा एक तास वाचतो.

रुग्णालय असं निवडा जिथे पोटाचे सर्जन, रात्री रक्त मिळण्याची सोय आणि नळीतून अन्न देण्याचा सराव, हे तिन्ही आहे. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, तुम्हाला सगळंच पल्ल्यात आहे, निपाणीहून कोल्हापूर तर जवळच. आरोग्य योजनेचं कार्ड कुठलं चालेल ते भरती होण्याआधी विचारा. कर्नाटकाची आरोग्य योजना वेगळी. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, तुमचं गाव त्यात आहे का आणि रुग्णालय त्यावर प्रत्यक्षात भरती करतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. आपल्याकडची एक जुनी गंमत म्हणजे संमतीपत्र कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि घरातलं बोलणं मराठीत. सही करण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना किंवा ब्रदरना ते मराठीत वाचून दाखवायला सांगा. ते दाखवतात, फक्त विचारावं लागतं.

तोवर वडिलांना काळी संडास झाली, रक्ताची उलटी झाली, एकदम चक्कर येऊन घाम सुटला किंवा पोट कडक झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. आणि ढेकरेच्या वासाबद्दल त्यांच्याशी तुम्ही आपणहून बोला. ते आपणहून काढणार नाहीत.